अंगणातला गळका नळ मला ६,०९९ ला पडला

तोटीतून थेंब गळत असेल तर बहुधा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ६,०९९ गमावले, त्यामुळे हे लिहिताना संतापापेक्षा लाजच अधिक वाटते आहे.

माझी बाजू एवढीच की मी प्रयत्न केला होता. नळाचा नट गंजून घट्ट बसला होता आणि अधिक जोर लावला तर भिंतीतली जोडणीच पिळवटून तुटेल, ही भीती अनाठायी नव्हती. (दुसऱ्या पान्याने नळाचे अंग धरून ठेवायचे असते, हे नंतर कळले.) सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी वाया जात होते. शेवटी इंटरनेटवर सापडलेल्या प्लंबरच्या क्रमांकावर फोन केला. ‘फक्त तपासणी शुल्क, २४९’ असे उत्तर मिळाले. पुढे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

मला सांगायचे आहे ते त्या ओल्या डागाबद्दल. त्या माणसाने आल्याबरोबर बाटलीतले पाणी घेऊन भिंतीलगत हात धुतले. मी समोरच उभा होतो. दहा मिनिटांनी त्याने भिंतीवरच्या नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवले, ‘आतला पाइप गेलाय, ही ओल बघा’ असे म्हटले आणि मी मान डोलावली. नळ त्याने तोवर उघडलाही नव्हता, मुख्य कॉक बंद केला नव्हता. पाइप फुटल्याने तोटीतून थेंब कसा गळेल, एवढा साधा प्रश्नही मला सुचला नाही. दांड्याजवळून पाणी येत असेल तर ग्लँडचे पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीचे भरण, पाहावे, भिंतीलगतच्या आट्यांतून येत असेल तर टेफ्लॉन टेप, आणि तोटीतून येत असेल तर वॉशर किंवा तो ज्यावर टेकतो ती बैठक. हे सगळे मी पूर्वी वाचलेले होते. ‘उद्या भिंत ढासळेल’ हे एक वाक्य ऐकले आणि वाचलेले सारे विसरलो.

तपासणीचे २४९, नव्या ‘पितळी’ नळाचे १,४५०, गळतीरोधक रसायनाचे ६०० आणि पाइप बदलण्यासाठी आगाऊ ३,८००. ‘सामान घेऊन उद्या सकाळी येतो’ म्हणून तो गेला आणि त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद आहे. जाताना माझा जुना, जड पितळी नळ ‘भंगार आहे, टाकून देतो’ म्हणत पिशवीत घालून घेऊन गेला. काढलेला भाग कोणाच्याही हाती देऊ नका, तोच तुमचा पुरावा असतो. तिसऱ्या दिवशी घरातले सगळे नळ बंद करून मी अर्धा तास मीटरसमोर बसलो. काटा जागचा हलला नाही, म्हणजे पाइप ठणठणीत होता. ही तपासणी आगाऊ रक्कम देण्याआधी करायची असते. चौथ्या दिवशी नवा नळही गळू लागला. खिळ्याने ओरखडा काढला तर मुलाम्याखाली पिवळे पितळ नव्हते, करडा, हलका धातू होता.

यानंतरचा मनस्ताप वेगळाच. पोलीस ठाण्यात सांगितले गेले की माणूस घरी आला, त्याने काम केले, तेव्हा हा व्यवहारातला वाद आहे, फसवणूक नव्हे. बँकेने कळवले की रक्कम मी स्वतः, माझ्याच संमतीने पाठवली आहे. ज्या संकेतस्थळावर तो क्रमांक होता, त्यांचे म्हणणे असे की ते केवळ जाहिरात दाखवतात. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पावती मागितली आणि पावती नाही म्हटल्यावर ‘मग पैसे दिलेत कसे?’ असे मलाच विचारले गेले. पावती देणारा चोर त्यांनी कुठे पाहिला आहे, हे मला विचारायचे होते, पण मागे रांग होती. चार ठिकाणी मिळून सात खेपा झाल्या आणि प्रत्येक ठिकाणी डागाची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच हसू उमटले. लेखी पावतीखेरीज आगाऊ एक पैसाही देऊ नका, कारण पुढे हे हसू तुमच्याही वाट्याला येईल.

काल संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ नव्या नळाचा वॉशर मी स्वतःच बदलला, दोन पान्यांनी, वीस मिनिटांत.