अथेन्सचं पार्थेनॉन की रोमचं पँथिऑन? एकच बघायचं असेल तर

युरोपच्या सहलीत एकच प्राचीन इमारत निवांत बघायची असं ठरवलं, की गाडी बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबते. नावं सारखी असली तरी दोन्हींमध्ये साडेपाचशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. बांधणाऱ्यांचा विचारही पार वेगळा.

पार्थेनॉन हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं. उभे खांब आणि त्यांवर आडव्या तुळया, एवढाच हिशेब. दगडी तुळईखाली अंतर वाढलं की ती मधोमध तडकते, म्हणून खांब जवळजवळ आणि आतली मोकळी जागा बेताची. ग्रीकांचं त्यावाचून अडत नव्हतं. गाभाऱ्यात अथेना देवीची मूर्ती, बळीची वेदी आणि लोक बाहेर उघड्यावर. त्यामुळे सगळं कसब बाहेरच्या बाजूला. संगमरवरी चकत्या एकावर एक रचून खांब उभे केले, चुना कुठेच नाही. प्रत्येक खांबावर वीस उभ्या पन्हळी आहेत आणि दोन पन्हळींमधली कड चांगली धारदार. खांब मध्ये किंचित फुगीर, कोपऱ्यातले जरा जाड. लांब बाजूची पायरी मधोमध सुमारे ११ सेंटिमीटर उचललेली आहे. तिच्या रेषेत नजर लावली तर तो बाक दिसतो. सरळ रेष लांबून खचल्यासारखी भासू नये म्हणून ही खटपट केली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मला तरी या एका पायरीसाठी अथेन्सला जावंसं वाटतं.

पण १६८७ च्या वेढ्यात आतला दारूगोळा उडाला, छप्पर गेलं. बरीच शिल्पं आज लंडनमध्ये आहेत. आत जाता येत नाही.

पँथिऑन मात्र अजून धडधाकट आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं, साधारण इ.स. १२६ चं. सातव्या शतकात त्याचं चर्च झालं, म्हणून ते टिकलं. ज्वालामुखीची राख आणि चुना यांचं काँक्रीट; त्यात खाली जड दगड, वर जाताना हलका प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला सच्छिद्र दगड. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून उंचीही तेवढीच. लोखंडी सळया न घातलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. माथ्यावर उघडं गोल भोक आहे. त्यातून आलेला उन्हाचा गोळा दिवसभर भिंतीवरून सरकतो, आणि पाऊस आला तर सरळ फरशीवर पडतो. पाणी जायला फरशीत बारीक भोकं आहेत.

बाहेरून मात्र ते बोजड दिसतं. दर्शनी सोळा खांब इजिप्तच्या ग्रॅनाइटचे, अखंड आणि गुळगुळीत.

एकच बघायचं असेल, बरोबर मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील, तर रोम. चढ नाही आणि इमारत पूर्ण बघायला मिळते. चित्र काढणाऱ्यानं, दगडात हात घातलेल्यानं अथेन्स निवडावं. दोन्ही जमत असेल तर अथेन्स आधी करा. पँथिऑनचा दर्शनी भाग ग्रीक देवळाच्या वळणाचाच आहे, आणि अथेन्स डोळ्यांत ताजं असताना तो दरवाजा ओलांडला की रोमनांनी नवीन काय केलं ते लगेच कळतं.