निवडून विकावं की एकगठ्ठा? भंगार काढण्याआधी

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर रिकामं करायचं असो, नाहीतर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडचा कोपरा गळ्यापर्यंत भरलेला असो, प्रश्न तोच येतो. पस्तीवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, बोलावून सगळं एका काट्यावर चढवायचं, की बसून धातू वेगळे करायचे? मी दोन्ही करून पाहिलंय. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एवढं तरी वेगळं काढाच, असं माझं मत आहे. त्याहून बारीक निवड ज्याच्याकडे माल रोज निघतो त्याने करावी.

एकगठ्ठा देण्याची सोय मोठी आहे, तासाभरात अंगण मोकळं होतं. खिडकीच्या सळया, गंजके पत्रे, लोखंडी कॉट यांत निवडण्यासारखं काही नसतंच. ते खुशाल द्या. नुकसान होतं ते सरमिसळीत. घेणारा ढिगाला भाव लावतो तो त्यातल्या सगळ्यात स्वस्त मालाचा. त्याचंही बरोबर आहे, निवडायची मजुरी त्याच्याच अंगावर पडते. पण तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसपटीच्या आसपास असतो आणि पितळेचा दहापटीहून जास्त. शंभर किलोच्या ढिगात पाच किलो तांबं लोखंडाच्या भावाने गेलं, तर उरलेल्या ९५ किलो लोखंडाची जेवढी किंमत, तेवढी तुम्ही त्या पाच किलोंत गमावली.

आमच्या घरचा बंब असाच गेला. अंग तांब्याचं, तोटी पितळेची, खालची जाळी बिडाची. वर्षानुवर्षांच्या काजळीने सगळं एकसारखं काळं झालेलं. लोखंडी पिंपाशेजारी उभा होता, त्याच्याबरोबरच तोलला गेला. कानशीचा एक हात मारला असता तरी आतली लाल रेघ दिसली असती. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

म्हणून हाताशी लोहचुंबक आणि कानस ठेवा. चुंबक चिकटला की लोखंड किंवा बीड, हे बहुतेक वेळा खरं. स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र फसगत होते: ३०४ ग्रेडचं चिकटत नाही, ४३० ग्रेडचं चिकटतं, आणि ३०४ सुद्धा जिथे वाकवलेलं असतं तिथे जरासं ओढतं. चुंबक सपाट भागावरच लावा. नळ सगळ्यात फसवे. वरून सगळेच चकचकीत, पण मुलामा घासला की आत पिवळं दिसलं तर पितळ आणि राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम. दोन्ही हाताला जडच लागतात, वजनावरून ठरवू नका. जर्मलची भांडी मात्र उचलताक्षणी कळतात. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश.

तांब्या-पितळेची भांडी धड असतील तर भंगारात घालूच नका. आधी भांड्यांच्या दुकानात मोड घेतात का विचारा. कल्हई किंवा डाख असलेल्या तांब्याला स्वच्छ तारेचा भाव मिळत नाही, हेही धरून चाला.

वायर सोलावी का? घरातल्या १.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर वायरीत सुमारे १.२ किलो तांबं असतं, म्हणजे जाड वायर सोलायला परवडते. फोनच्या, चार्जरच्या केसासारख्या वायरींवर दुपार घालवू नका, तशाच द्या. जाळू तर अजिबात नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ असते, डायऑक्सिनसारखी विषं असतात, आणि जळक्या तांब्याला भावही कमी मिळतो. आपल्या आळीत पोरं हे करताना दिसली तर कृपा करून थांबवा.

शेडवाल्यांचं गणित वेगळं. त्यांनी निवड ढिगाऱ्यावर न करता मशीनपाशी करावी. आमच्या लेथवर एकदा लोखंडाच्या कामानंतर ट्रे न झाडता ॲल्युमिनियमचा जॉब लागला आणि गोणीभर टर्निंगचा, म्हणजे लेथवर निघालेल्या धातूच्या किसाचा, भाव कोसळला. चुंबक फिरवून लोखंड निघतं, पण तेलात भिजलेल्या गुंतवळ्यातून पूर्ण निघत नाही. ॲल्युमिनियम वितळल्यावर त्यात विरघळलेलं लोखंड काढणं जवळपास अशक्य, आणि पोलादात गेलेल्या तांब्याचंही तेच. ते पोलाद लाल तापवून लाटताना पृष्ठभागावर चिरतं. भट्टीवाला नाकं मुरडतो ते यासाठी. प्रत्येक धातूला वेगळ्या रंगाचं पिंप ठेवा, कूलंट (कापताना सोडतात ते थंड ठेवणारं द्रव) निथळू द्या, जॉब बदलला की ट्रे झाडा. रोजची दहा मिनिटं जातात, पण माल नाकारला जात नाही.

बॅटरी कुठल्याच ढिगात घालू नका. गाडीच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत सहसा शिसं आणि गंधकाम्ल असतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. फ्रिजचा कॉम्प्रेसरही घरी फोडू नका, त्यात तेल आणि दाबाखालचा वायू असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर त्यावरचा जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा आहे. घर रिकामं करणाऱ्याने त्याची चिंता करू नये. शेडची नोंदणी असेल तर बिल करूनच द्या.

निवडलेला माल आधी घरच्या काट्यावर तोलून, प्रत्येक गोणीवर धातू आणि वजन खडूने लिहून ठेवा. दोघा-तिघांना फोनवर धातूनिहाय भाव विचारा, घट किती कापणार तेही विचारा, आणि मगच गाडी दारात बोलवा.