सवाई, घरगुती बैठक की सप्रयोग व्याख्यान? पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

डिसेंबर जवळ आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "शास्त्रीयमधलं काही कळत नाही, पण एकदा ऐकायचंय, सवाईला जाऊ का?" जा की, सवाई म्हणजे पुण्यात डिसेंबरात होणारा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. फक्त पुण्यात ऐकायच्या जागा वेगवेगळ्या आहेत, आणि पहिल्याच खेपेला कंटाळलेला माणूस परत फिरकत नाही. आमच्या घरातच एक नमुना आहे.

सवाईचं वातावरण भारी, यात वादच नाही. पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, आधी कितीतरी वर्षं रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. एका तिकिटात दिवसभरात चार-पाच कलाकार ऐकायला मिळतात, गायन झालं की सतार, मग एखादं नृत्य, त्यामुळे एक नाही जमलं तर दुसरं आवडतंच. आणि कंटाळा आला तर उठून चहा मारून या, कोणी बघत नाही. पण मंडप प्रचंड असतो, भारतीय बैठकीत मागे बसलात तर गवई स्क्रीनवरच दिसणार आणि शेजारचे काका कोणाची तान कशी होती ते बायकोला सांगत बसणार. शाल घ्या, बसायला जाडसं काहीतरी घ्या.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालायचा, आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे साधारण दहाला आवरावं लागतं, आणि रागांच्या गायच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणजे भीमपलास, मुलतानी, मारवा, यमन हे दुपार-संध्याकाळचे राग भरपूर ऐकाल पण उत्तररात्रीचा मालकंस आणि पहाटेचा ललित त्या त्या वेळेला ऐकायचं सुख गेलं. ते हवं असेल तर दिवाळी पहाट शोधा, तीसुद्धा जिथे नाट्यगीतं-अभंगांच्या आधी थोडा तरी राग गातात अशी.

घरगुती बैठक हा माझा वीक पॉइंट. तीस-चाळीस माणसं, सतरंजी, कित्येकदा माइकच नाही, तानपुरा अगदी समोर. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या (बारा मात्रांचा ताल) एका आवर्तनाला, म्हणजे एका फेरीला, पाऊण मिनिट सहज लागतं, आणि सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, जवळ आल्यावर तबलजी आणि गायक एकमेकांकडे कसे बघतात ते तिथे दिसतं, मांडवात नाही दिसत. पण नवख्यासाठी अवघड, कारण मधेच उठता येत नाही आणि ख्याल (एकाच रागाची सविस्तर मांडणी) तासभर चालला तर तासभर बसायचं. शिवाय कळणार कसं? पेपरात जाहिरात नसते, कोणाच्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर असावं लागतं.

सप्रयोग व्याख्यान म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत केलेलं भाषण, तिथे सगळं वक्त्यावर. चांगला असेल तर भूप आणि देसकार या दोन्ही रागांत तेच पाच सूर असून दोन्ही वेगळे का वाटतात हे दोन मिनिटांत गाऊन दाखवतो आणि जन्मभर लक्षात राहतं. वाईट असेल तर विचारूच नका, एका ठिकाणी मी दीड तास घराण्यांचा, म्हणजे गायकीच्या परंपरांचा, इतिहास ऐकला आणि गाणं मोजून दहा मिनिटं. तिथेच आमचा नमुना बिघडला, आता घरात तानपुरा नुसता लागला तरी टीव्हीचा आवाज वाढवतो.

तर माझं म्हणणं, एकच दिवस असेल तर जोडी करा. सवाईच्याच दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' असतं, म्हणजे कलाकारांवरच्या फिल्म आणि मुलाखती, ते ऐका, जेवा, आणि मग दुपारी मंडपात. सकाळी ज्याचं बोलणं ऐकलं त्याच्या घराण्याचं कोणी संध्याकाळी गात असेल तर काय ऐकायचं ते आपोआप कळतं. शेवटच्या दिवशी जमलं तर पूर्ण थांबा, सांगता सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतल्या भैरवीने होते, एवढा मोठा मंडप तेवढी तीन-चार मिनिटं गप्प असतो.

बैठकीचं पुढच्या वर्षी बघू, तोपर्यंत ग्रुपवर अॅड करून घ्या कोणाकडून तरी.