१४४ हर्ट्झचा पडदा, २०११ चा 'स्कायरिम' आणि ४८ फ्रेम: सहा महिन्यांचा अनुभव

जानेवारीत नवा गेमिंग लॅपटॉप घेतला आणि पहिल्याच रात्री त्यावर 'स्कायरिम' हा गेम टाकला. २०१६ ची स्पेशल एडिशन नाही, २०११ ची मूळ आवृत्ती. जुन्या लॅपटॉपवर हा गेम सेकंदाला ३५-४० फ्रेमच्या (म्हणजे चित्रांच्या) वर कधी गेलाच नव्हता, त्यामुळे आता तो पाण्यासारखा धावताना बघायची फार हौस होती.

सुरुवातीचा प्रसंग ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल. हात बांधलेल्या कैद्यांना घेऊन घोडागाडी हेल्गेनकडे निघालेली असते. माझी गाडी पहिल्याच वळणावर थरथरायला लागली, मग उड्या मारायला लागली आणि शेवटी घोड्यासकट गिरकी घेऊन उलटी झाली. मी गेम दोनदा काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हर बदलले. फरक शून्य. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा सुरू केला तेव्हा कळलं: १७० ते २०० च्या मध्ये नाचत होता.

या गेममधलं वस्तूंच्या पडण्या-आपटण्याचं गणित हॅवॉक नावाचं सॉफ्टवेअर करतं आणि ते ६० फ्रेमच्या हिशोबाने बांधलेलं आहे. फ्रेम त्याच्या फार वर गेल्या की ते विस्कटतं. माझ्याकडे भर पडली होती ती जुन्या आयएनआय फाइलची, म्हणजे गेमची सेटिंग्ज लिहिलेल्या फाइलची. माउस जड वाटतो म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्यात 'आयप्रेझेंटइंटरव्हल' शून्य करून व्हीसिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद केलं होतं. तीच फाइल नव्या लॅपटॉपवर उचलून आणली. जुन्या मशीनची ताकदच कमी, म्हणून तिथे ते कधी नडलं नाही. आता ती ओळ पुन्हा १ केली, पण तेवढ्याने भागत नाही. व्हीसिंक फ्रेमना पडद्याच्या वेगाला बांधतं, आणि माझा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र दाखवणारा.

म्हणून फ्रेमवर ६० ची मर्यादा घातली. आधी रिव्हाट्यूनर हे सॉफ्टवेअर वापरलं. महिनाभराने ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनलमध्येच 'मॅक्स फ्रेम रेट' आहे हे लक्षात आलं (२०२० पासून आहे), तेव्हापासून मर्यादा तिथूनच घालतो. रिव्हाट्यूनर मात्र काढलं नाही, कारण प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला याचा त्याचा आलेख फार उपयोगाचा आहे. मर्यादेआधी तो करवतीच्या दातांसारखा होता, नंतर जवळजवळ सरळ रेघ.

पहिले काही आठवडे ६० वर खेळलो. गाडी सरळ चालली, वस्तू जागेवर राहिल्या, तरी कॅमेरा सावकाश फिरवताना बारीक अडखळ जाणवायची. आकडा पक्का ६०, आलेख सरळ, मग अडखळ कसली? बरेच दिवस डोकं खाल्लं याने. उत्तर साध्या भागाकारात निघालं. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. पडदा अर्धी फ्रेम दाखवू शकत नाही, म्हणून काही फ्रेम दोन वेळा, काही तीन वेळा असं चालतं. ४८ ठेवलं तर प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा. ज्यांच्या पडद्याला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (फ्रेम येईल तसा पडद्याचा वेग बदलणारी सोय) आहे त्यांना हा प्रश्न येत नाही. माझ्या पडद्याला ते नाही. पडदाच ६० हर्ट्झवर आणणं हाही उपाय आहे, पण बाकीची कामं मला १४४ वर आवडतात. फेब्रुवारीपासून ४८ वर आहे आणि ६० पेक्षा ते मला गुळगुळीत वाटतं. कमी आकडा जास्त गुळगुळीत, हे स्वतः खेळून बघितल्याशिवाय मीही मानलं नसतं.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. आम्ही अकोल्याला राहतो, पारा ४४-४५ ला जातो, रात्रीही खोली तापलेली असते. एकदा मुद्दाम मर्यादा काढून अर्धा तास खेळलो. ग्राफिक्स कार्ड ८५ अंशांवर गेलं, पंखा इतका घोंघावला की पलीकडच्या खोलीतून बाबा उठून आले, आणि डब्ल्यू-ए-एस-डी या कळांवर बोट ठेववेना. त्याच खोलीत ४८ वर कार्ड ६८ च्या आसपास राहिलं. काम कमी झालं की चिप आपला वेगही (क्लॉक) उतरवते आणि व्होल्टेजही, म्हणून फ्रेम कमी होतात त्याहून वीज जास्त वाचते. शिवाय बहुतेक लॅपटॉपसारखं याच्यातही प्रोसेसर आणि कार्ड यांची उष्णता एकाच नळ्यांतून बाहेर जाते, त्यामुळे कार्ड थंड राहिलं की प्रोसेसरलाही श्वास मिळतो. हा गेम प्रोसेसरच्या मोजक्याच कोअरवर चालतो, त्याला त्याचा फायदाच.

वीज गेल्यावर बॅटरीवर ३६ ठेवून पाहिलं, चार पटीत बसतं म्हणून. पूर्वी तासाभरात आटोपायची ती बॅटरी पावणेदोन तास चालली. पण माउसने झटकन वळताना ३६ जड जातं. तिरंदाजी करणाऱ्यांना तर नकोच म्हणेन.

एक काळजी घ्या. मर्यादा 'प्रोग्राम सेटिंग्ज'मध्ये टीईएसव्ही ही गेमची फाइल निवडून तिच्यापुरतीच घाला. मी एकदा घाईत ती 'ग्लोबल'मध्ये घातली आणि धाकट्या भावाचा शूटिंगचा गेम आठवडाभर ४८ वर अडकला. तो बिचारा इंटरनेटला दोष देत बसला होता.

गेममधल्या व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम हे छोटं घर मी दरवेळी विकत घेतो आणि त्याच्या फळीवर प्रवासात मिळालेल्या वस्तू मांडतो. मर्यादेशिवाय दार उघडून आत शिरलं की वाट्या, खंजीर, चीजचे गोळे भिंतीला आपटून जमिनीवर विखुरलेले असायचे. आता एखादी वाटी कधीतरी सरकते. काल रात्री आत गेलो तर एप्रिलमध्ये ठेवलेला खंजीर पुस्तकाला टेकून तसाच उभा होता.