ससा, घमेलं आणि आठ महिने

मुरमुऱ्याला, म्हणजे आमच्या सशाला, घरी आणलं त्याच दिवशी त्याच्या शी-शूसाठी कोपऱ्यात बसणारा त्रिकोणी ट्रे घेतला होता. आज त्यात कुंडी ठेवली आहे. एवढ्याशा जागेत सशाला वळताच येईना. तोंड आत, शेपटी बाहेर आणि सगळं फरशीवर. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचं मोठं घमेलं आणलं. ट्रेच्या निम्म्या किमतीत!

पुढची चूक माझीच. मला सोयीचं म्हणून घमेलं बाल्कनीच्या दारापाशी ठेवलं, त्याने मात्र सोफ्यामागचा कोपरा धरला होता. आठवडाभर त्याला उचलून आणून बसवलं, रागावलेसुद्धा. तो मला बघून पळायला लागला, एवढंच झालं. मग मुकाट्याने घमेलं सोफ्यामागे नेलं, लघवीत भिजलेला कागद आत टाकला आणि गवत असं रचलं की खायचं तर आत बसावंच लागेल. सशांचं खाणं आणि लेंड्या टाकणं एकदमच चालतं. चार दिवसांत जमलं.

दुकानदार मांजरांच्या शी-शूची, ओली झाली की गोळा होणारी वाळू गळ्यात मारत होता. ती घेऊ नका. ससे सगळं कुरतडून बघतात आणि ती वाळू पोटात फुगते. मी दाबलेल्या भुशाच्या लाकडी गोळ्या वापरते, इंचभर थर. ओल्या झाल्या की भुगा होतो, वास बराच दबतो. पाच किलोची पिशवी तीन आठवडे पुरते. पावसाळ्यात मात्र रोज बदलावं लागलं.

सहाव्या महिन्यात त्याने सोफ्यावर लघवीचे फवारे मारायला सुरुवात केली. नसबंदीनंतर महिनाभराने ते थांबलं. सशांवर शस्त्रक्रियेचा अनुभव असलेला डॉक्टर शोधण्यातच जास्त दिवस गेले.

घमेल्याला पांढरा थर धरतो. सशाच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून जातं, त्याचाच तो थर. व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवलं की निघतो. एकदा लघवी लालसर दिसली तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त नाही, पालेभाज्यांतला रंग आहे.

चार-दोन कोरड्या लेंड्या अजूनही घरभर सापडतात, पाहुणे आले की जरा जास्तच. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या सासूबाई आता त्या सुपलीत गोळा करून थेट कढीपत्त्याला खत म्हणून घालतात. कुजवावं लागत नाही म्हणे. गेल्या आठवड्यात मी केर काढताना त्या टाकल्या, तर मलाच ऐकावं लागलं.