७७ मिमीचे तीन प्रोटेक्शन फिल्टर : जून ते जानेवारी

प्रोटेक्शन फिल्टर म्हणजे लेन्सच्या पुढच्या काचेचं रक्षण करायला तिच्यापुढे आट्यांवर बसवायची काच. असे तीन जून ते जानेवारी वापरून पाहिले. लेन्स दोन, ७०-२०० एफ/२.८ आणि २४-१०५ एफ/४. दोन्हींचे पुढचे आटे ७७ मिमीचे, त्यामुळे तेच फिल्टर आलटून-पालटून लावता आले. फिल्टर तीन : बी+डब्ल्यूचा एक्सएस-प्रो ००७ क्लिअर, रिंग पितळी. होयाचा एचडी प्रोटेक्टर, काच कडक केलेली, रिंग ॲल्युमिनियमची. आणि तिसरा खोक्यावर ठळक 'यूव्ही' (अतिनील) छापलेला, स्वस्तातला, कोटिंगचा, म्हणजे प्रतिबिंब कमी करणाऱ्या थराचा, पत्ता नसलेला.

आधी त्या 'यूव्ही'चं. फिल्मच्या काळात डोंगरावरचा निळसर धुरकटपणा कमी करायला या काचेचा उपयोग होता. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच अतिनील किरण अडवणारी काच बसवलेली असते. म्हणजे संरक्षणासाठी घ्यायचा तर 'क्लिअर' किंवा 'प्रोटेक्टर' घ्यावा. दुकानात यूव्ही टॉर्च नोटेवर मारून 'बघा, किरण अडले' असं दाखवतात. त्यातून काच सपाट आहे की नाही आणि कोटिंग कसं आहे, यातलं काहीच कळत नाही.

खरी परीक्षा ट्यूबलाइटखाली होते. फिल्टर तिरका धरून नळीचं प्रतिबिंब पाहावं. कोटिंग नसलेल्या काचेत नळी पांढरीशुभ्र दिसते, कारण साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. दोन बाजू मिळून ८ टक्के झाले. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये तीच नळी मंद, हिरवट किंवा जांभळट दिसते. प्रतिबिंब एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला रंगीत दिसलं, तर कोटिंग एकाच बाजूला आहे असं समजावं. मग फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून पिवळी झाक येते का तेही बघावं.

या ८ टक्क्यांनी दिवसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते रात्री. काळ्या आभाळापुढे रस्त्याचा दिवा फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल, तर खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याचंच उलटं भूत दिसतं. सेन्सरवरून परतलेला उजेड लेन्समधून बाहेर निघतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. म्हणूनच ते भूत फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर पलीकडे पडतं, आणि लेन्समधल्या नेहमीच्या फ्लेअरपासून (लेन्सच्याच काचांमध्ये उजेड परतून पडणाऱ्या डागांपासून) वेगळं ओळखू येतं. दीपमाळ, आकाशकंदील, गणपतीची रोषणाई, सगळीकडे हाच प्रकार. स्वस्त फिल्टरवर ही भुतं ठसठशीत येतात. चांगल्या काचेवर फिकी येतात, पण दिवा पुरेसा प्रखर आणि पार्श्वभूमी पुरेशी काळी असेल तर दिसतातच. त्यामुळे रात्रीच्या दिव्यांना फिल्टर काढून खिशात ठेवायचा, मग तो कितीही महाग असो.

दुसरा फरक टेलिफोटोवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, दिसतो. काचेच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर रुंद दृश्याच्या २४ मिमीवर ते कळतही नाही, २०० मिमीवर मात्र लांबच्या पाटीवरची अक्षरं मऊ पडतात आणि मागचा बोके (फोकसबाहेरचा धूसर भाग) रेघारेघांचा, अस्वस्थ दिसतो. तपासायचं तर कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/२.८, मागच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस, फिल्टरसह पाच आणि फिल्टरविना पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस नव्याने. एकेकच फोटो काढला तर फोकसमधली चूक फिल्टरच्या माथी बसते. आपली लेन्स १५०-६०० जातीची असेल तर ही तपासणी टाळूच नका.

आता फिल्टरचे पैसे वसूल होतात ते ठिकाण : जेजुरी. भंडारा म्हणजे हळदीची बारीक पूड. ती काचेवर असताना कापड फिरवलं की पिवळा राप बसतो. आधी लेन्स खाली तोंड करून ब्लोअर मारायचा, मग मऊ ब्रश, आणि नंतरच कापड. तरीही राहिलं तर फिल्टर काढून नळाखाली धुता येतो. साबणाचा एक थेंब, स्वच्छ पाणी, मायक्रोफायबरने टिपणं, झालं. दीड लाखाच्या लेन्सची पुढची काच नळाखाली कोण धरेल? कोकणात समुद्राच्या तुषारांनाही हाच उपाय. मीठ वाळलं की त्याचे स्फटिक होतात आणि कोरड्या कापडाने पुसताना तेच चरे पाडतात. आधी पाण्याने विरघळवायचं.

पावसाळ्यात मात्र फिल्टर सहा-सहा महिने न काढता ठेवणं धोक्याचं. फिल्टर आणि पुढची काच यांच्यामध्ये ओल अडकली की बुरशीला घर मिळतं. दर आठवड्याला काढून आतली बाजू बघावी. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्स बॅगेतच चेन लावून वीस-तीस मिनिटं ठेवावी, नाहीतर बाष्प दोन काचांच्या मध्येच धरतं आणि बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाही. काही वेदर-सील्ड (पाणी-धूळ अडवणाऱ्या) लेन्सचं सील फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं, लेन्सच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. कॅननच्या १७-४० एफ/४ एलसारख्या लेन्स त्यातल्याच.

पडण्यापासून संरक्षण हा मुद्दा जरा फुगवलेला आहे. फिल्टरची काच पातळ, ती सहज फुटते आणि तिचे तुकडे पुढच्या काचेवर घासतात. धक्का खायचं काम हूडचं, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायच्या कड्याचं. फुटलाच तर बोटाने चाचपू नका, लेन्सचं तोंड जमिनीकडे ठेवूनच रिंग उलटी फिरवा आणि मग ब्लोअर.

रिंगबद्दल : ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घट्ट धरतं, पितळ त्या मानाने सहज सुटतं. स्वस्त फिल्टर ऑक्टोबरात असा बसला की हलेना. चिमटीत दाबून फिरवलं की रिंग लंबगोल होते आणि आणखी आवळते. रबरी चपलेचा सपाट तळवा रिंगवर सारखा टेकवून हलकेच फिरवल्यावर सुटला. लावताना आधी उलटा फिरवावा, आटे 'टक्' करून जागेवर आले की मग सुलटा. बोटाच्या टोकाने थांबेल तिथपर्यंतच. आणि २४ मिमीवर प्रोटेक्टरवरच पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) चढवू नका, कोपरे काळे पडतात. प्रोटेक्टर काढून मगच पोलरायझर लावावा.