ऑर्डर, अरेंज की सेटऑर्डर? आरमध्ये अनेक कॉलमवर क्रम लावताना

आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत टेबलाच्या ओळी क्रमाने लावायला ऑर्डर(), अरेंज() आणि सेटऑर्डर() ही तीन फंक्शन्स आहेत. एकाच कॉलमवर टेबल लावायचं असेल तर तिन्हींपैकी काहीही वापरा, फारसा फरक पडत नाही. प्रश्न येतो तो दोन-तीन कॉलम एकत्र आले आणि त्यातला एखादा उतरत्या क्रमाने हवा असला की.

बेस आरच्या, म्हणजे आरमध्ये मुळातच असलेल्या ऑर्डर()ला कुठलंही पॅकेज (वेगळं बसवायची जोडणी) लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. तो टेबल देत नाही, ओळींचे क्रमांक देतो, म्हणून टेबलाच्या नावापुढच्या चौकटी कंसात त्याच्यानंतर स्वल्पविराम हवाच. तो राहिला तर आर ते आकडे कॉलमचे समजतो. बहुतेकदा एरर येते, पण ओळी कॉलमपेक्षा जास्त नसतील तर कॉलमच निमूट इकडचे तिकडे होतात.

खरा त्रास वजा चिन्हाचा आहे आणि माझा कौल त्यावरच ठरला. समजा विभाग चढता आणि श्रेणी उतरती हवी आहे. श्रेणी आकडा असेल तर ऑर्डर(विभाग, -श्रेणी) बिनतक्रार चालतं. साधा मजकूर असेल तर एरर येऊन काम तिथेच थांबतं, ते एका परीने बरंच. फॅक्टर (ठराविक गटांची नावं असलेला कॉलम) असेल तर मात्र नुसती वॉर्निंग येते आणि वजा केलेल्या सगळ्या किमती एनए, म्हणजे ‘किंमत नाही’ अशा होतात. सगळ्याच सारख्या झाल्यावर श्रेणी क्रमात धरलीच जात नाही. टेबल विभागवार नीट लागलेलं दिसतं, त्यामुळे वरच्या ओळींवर नजर टाकून शंकाही येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, -एक्सटीएफआरएम(श्रेणी) लिहायचं; हे फंक्शन कॉलमचे त्याच क्रमाचे आकडे करून देतं, म्हणून वजा चालतं. दुसरा, ऑर्डर()लाच मेथड (क्रम लावायची पद्धत) म्हणून रेडिक्स देऊन डिक्रीझिंगमध्ये प्रत्येक कॉलमसाठी वेगळं ट्रू-फॉल्स द्यायचं. ही सोय २०१६च्या ३.३.० आवृत्तीपासून आहे. पण रेडिक्स मजकूर सी-लोकेलने, म्हणजे भाषेच्या नियमांऐवजी अक्षरांच्या संगणकी कोडच्या क्रमाने लावतो, म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी आधी. एक कॉलम उलटा करायला गेलात आणि दुसऱ्याचा क्रम बदलला, असं होऊ शकतं.

डीप्लायर या पॅकेजच्या अरेंज()मध्ये वजाचा हा घोळ नाही. अरेंज(टेबल, विभाग, डेस्क(श्रेणी)) एवढं पुरतं; डेस्क म्हणजे उतरता क्रम. आकडा, मजकूर, तारीख, फॅक्टर, काहीही असो. डेस्क लावला तरी एनए शेवटीच राहतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. ग्रुप केलेल्या टेबलात तो ग्रुपकडे बघत नाही, त्यासाठी .बाय_ग्रुप ट्रू करावं लागतं. शिवाय २०२३च्या १.१.० आवृत्तीपासून इथेही मजकुरासाठी सी-लोकेलच गृहीत आहे. दुसरा हवा तर .लोकेल द्या, त्याला स्ट्रिंगी पॅकेज लागतं.

डेटा.टेबल या पॅकेजचा सेटऑर्डर() मजकुरापुढेही वजा चालवून घेतो आणि टेबलाची प्रत न काढता जागच्या जागी क्रम बदलतो. मेमरीला जड जाणाऱ्या टेबलांसाठी तोच घ्यावा. मात्र तेच टेबल दुसऱ्या नावाने ठेवलं असेल तर तेही बदलतं. आधी कॉपी() करा. एनए तो सुरुवातीला टाकतो, तर त्याच पॅकेजमध्ये कंसात ऑर्डर लिहिलं की ते शेवटी जातात. कॉलमची नावं व्हेरिएबलमधून येत असतील तर सेटऑर्डरव्ही()ला नावं आणि १, -१ दिले की झालं. अरेंजमध्ये त्यासाठी अक्रॉस, ऑल_ऑफ ही मदतीची फंक्शन्स जुळवत बसावं लागतं.

तरी रोजच्या कामाला मी अरेंज()च सुचवेन, निदान डीप्लायर आधीपासून लोड होत असेल तर नक्कीच. पॅकेज नकोच असेल तर ऑर्डर() खुशाल वापरा, फक्त आकडा नसलेल्या कॉलमपुढे नुसतं वजा लिहू नका, एक्सटीएफआरएम लावा.